मधले दिवस मोजा: जुन्या युद्धाच्या फोटोकडे बघताना

आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर दोन तारखा लिहा: लढाई कधी झाली आणि फोटो कधी काढला. मग मधले दिवस मोजा. फोटोकडे नीट बघायचं ते त्यानंतर.

जुना फोटो घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. मिरजेत आमचा स्टुडिओ आजोबांपासूनचा. आजोबा काचेवर फोटो काढत, बाबा फिल्मवर. माझा आताचा बराचसा वेळ लोकांचे जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करण्यात जातो. कुणाचे पणजोबा पलटणीत असतात, कुणाला कुठून तरी मिळालेलं 1857 चं चित्र मोठं करून भिंतीवर लावायचं असतं. त्या कामातूनच मला सुरुवातीच्या काळातल्या युद्धाच्या फोटोंचा नाद लागला, आणि तो काही सुटला नाही.

मधले दिवस मोजायची सवय मात्र मला लागली ती बाबांमुळे. आमच्या भागात पूर्वी घरातलं माणूस गेलं की फोटोग्राफरला बोलावणं यायचं. जिवंतपणी त्या माणसाचा फोटो कधी निघालेलाच नसायचा, म्हणून निदान शेवटचा राहावा. बाबा सायकलला कॅमेरा बांधून निघायचे. मी आठवी-नववीत असताना फ्लॅश धरायला बरोबर जायचे. तिथे पोचल्यावर बाबा हळू आवाजात सांगत: जरा भिंतीला टेकवून बसवा, मानेमागे उशी द्या, पटका सरळ करा, तोंड दाराकडं, उजेडाकडं. सगळं मनासारखं झालं की एकच फोटो काढायचे. घरच्यांना यात फसवणूक वाटत नसे आणि मला आजही वाटत नाही. पण शंभर वर्षांनी तो फोटो बघून कुणी म्हणालं, की हे आजोबा बसल्या जागी गेले, तर ते साफ चूक ठरेल. जाणं आणि फोटो यांच्या मधल्या चार तासांत खोलीत कोण आलं, कुणी काय हलवलं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो फोटो वाचता येतो.

युद्धाच्या फोटोत हे चार तास कधी चार दिवस होतात, कधी चार महिने.

काच किती वेळ मागते

फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये. 1846 ते 1848 च्या अमेरिका-मेक्सिको युद्धातल्या सैनिकांचे डॅगरोटाइप आज उपलब्ध आहेत, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची चित्रं. आपल्याकडे बंगाल सैन्यातला डॉक्टर जॉन मॅककॉश याने 1848-49 च्या दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी कागदी निगेटिव्हवर माणसांचे फोटो काढले. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत दिली आणि पुढची बरीच वर्षं युद्धाचे फोटो मुख्यतः तीवरच निघाले.

ती पद्धत मनात नीट बसवून घ्या, कारण अर्धं वाचन तिथेच होतं. स्वच्छ काचेवर कलोडियन ओतायचं. कलोडियन म्हणजे ॲसिडची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेलं चिकट द्रव्य. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हातात सगळी मिळून दहा-पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे काळी खोली बरोबर नेणं भाग. इंग्रज फोटोग्राफर रॉजर फेंटन 1855 मध्ये रशियाविरुद्धच्या युद्धाचे फोटो काढायला क्रिमियात गेला तेव्हा त्याने एका दारूविक्रेत्याची घोडागाडी घेऊन तिचीच काळी खोली केली होती. उन्हात तापलेली बंद गाडी, आत ईथरचा वास, आणि बाहेर सेव्हास्तोपोलचा वेढा. आमच्या डार्करूममध्ये मे महिन्यात पंख्याशिवाय दोन तास काढले आहेत म्हणून सांगते, त्या माणसाची चिकाटी विलक्षण होती.

एवढं कळलं की फोटोत काय दिसणार नाही हे आधीच ओळखता येतं. काच सेकंद मागते. तीन, दहा, कधी वीस. त्यामुळे धावणारा सैनिक, तोफेतून निघणारा गोळा, पडणारा माणूस या काचेवर येणारच नाही. 1850-60 चा म्हणून दाखवलेल्या फोटोत उडता घोडा आणि उगारलेली तलवार स्पष्ट दिसत असेल, तर ते चित्र तरी आहे, नंतरचं नाटक तरी आहे किंवा कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून उभं राहणं तरी आहे. झाडाची पानं पुसट आणि माणसं ठळक दिसली, तर समजा की माणसांना थांबायला सांगितलं होतं.

रंगांचीही एक खूण आहे. त्या काचांना मुख्यतः निळा उजेडच कळायचा. आकाश पांढरंफटक येतं, ढग बहुधा नसतातच, आणि लाल रंग काळपट येतो. म्हणजे इंग्रजी पलटणीचा लाल डगला फोटोत गडद दिसणार. एकदा एका तरुणाने मला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं की फोटोतले शिपाई काळ्या गणवेशातले आहेत, म्हणून ते इंग्रजांचे नाहीत. मी त्याला आमच्या आजोबांच्या काचेवरची एक नवरी दाखवली. तिच्या कपाळावरचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं काळं आलं आहे.

सिकंदर बाग

आता एकच फोटो घेऊन पूर्ण करून बघू. फेलिचे बिआटोने लखनौमध्ये काढलेला सिकंदर बागेचा फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात किंवा फोनवर नक्की बघितला असेल. मागे खांबांची, गोळ्यांनी भोकं पडलेली इमारत. पुढे अंगणभर विखुरलेली हाडं आणि कवट्या. मध्ये चार हिंदी माणसं आणि एक घोडा. खाली इंग्रजीत लांबलचक ओळ आहे. सर कॉलिन कॅम्पबेलच्या पहिल्या हल्ल्यात, नोव्हेंबर 1857 मध्ये, 93 व्या हायलँडर्स आणि 4 थ्या पंजाब रेजिमेंटने दोन हजार बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा सिकंदर बागेचा आतला भाग, असा तिचा अर्थ.

कागद घ्या. लढाई: 16 नोव्हेंबर 1857. फोटो: बिआटो कलकत्त्याला उतरला फेब्रुवारी 1858 मध्ये, आणि लखनौ इंग्रजांच्या हाती पुन्हा पूर्णपणे आलं ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे फोटो मार्चअखेरचा किंवा एप्रिलचा. मधले दिवस सव्वाशेहून जास्तच.

आता त्या सव्वाशे दिवसांत काय झालं ते लिहून काढा. ही पायरी लोक गाळतात, आणि सगळा इतिहास तिथेच बसलेला असतो. नोव्हेंबरमध्ये इंग्रज सेनापती कॅम्पबेलने रेसिडेन्सीत, म्हणजे लखनौमधल्या इंग्रजांच्या ठाण्यात, अडकलेल्यांना सोडवलं आणि तो कानपूरकडे परतला. शहराबाहेरच्या आलमबागेत इंग्रज सेनानी आउट्रमची तुकडी राहिली, पण शहर पुन्हा लढणाऱ्यांच्या, बेगम हजरत महलच्या बाजूच्या ताब्यात आलं. पुढचे साडेतीन महिने ते त्यांच्याकडेच होतं. म्हणजे ज्यांची माणसं त्या बागेत मेली, तेच त्या भागाचे धनी झाले होते. मग स्वतःला विचारा: आपल्या मेलेल्या माणसांची हाडं त्यांनी साडेतीन महिने अंगणात अशी उघडी पडू दिली असतील?

या प्रश्नाला एक साक्षीदार आहे. त्या वेळी अवधमध्ये असलेला इंग्रज अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल (हा सेनापती कॅम्पबेलपेक्षा वेगळा) याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की प्रेतांचा ढीग आधी व्यवस्थित झाकलेला होता, आणि फोटोग्राफरने हट्ट धरून फोटोसाठी तो उघडा करायला लावला.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा तो फोटो बंद करून ठेवला होता. कितीतरी दिवस मी त्याच्याकडे बघून हळहळत होते, आणि ज्या मांडणीकडे बघून हळहळत होते ती कुणीतरी सांगून करवून घेतलेली होती. पण तो फोटो खोटा म्हणून फेकून देऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. माणसं तिथे मेली हे खरं. भिंतीवरची भोकं खरी, हाडं खरी. खोटी पडते ती एकच गोष्ट, फोटोखालची ओळ, जी आपल्याला हा नोव्हेंबर आहे असं भासवते. चित्र मार्च-एप्रिलचं आहे, आणि त्या मार्च-एप्रिलबद्दल ते फार मोलाचं काहीतरी सांगतं: जिंकलेल्या बाजूला आपला विजय कसा दिसायला हवा होता, आणि ते विकत घेणारं गिऱ्हाईक कोण होतं. हाडांचा हा फोटो लपवायचा पुरावा नव्हता, विकायचा माल होता. ‘कत्तल’ हा शब्द ओळीत उघडपणे आहे, तोही कसलीही लाज न बाळगता.

मग त्या चार माणसांकडे या. बहुतेक जण त्यांना ओलांडून हाडांकडे जातात. त्यांची नावं कुठे नाहीत. त्यांना तिथे उभं राहायला सांगितलं गेलं आणि काही सेकंद हलू नका म्हणून सांगितलं गेलं, एवढं काच सांगते. त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ त्या ढिगात होता का, हे काच सांगत नाही. ओळीतली ‘4 थी पंजाब’ही सोडू नका. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी हिंदी माणसं लढली, आणि हे फोटोत कुठेच दिसत नाही, फक्त खालच्या अक्षरांत आहे.

तुमच्या कागदावर आणखी एक रकाना पाडा: कॅमेरा कुणाच्या हातात होता. लखनौमध्ये बिआटोच्या आधी अहमद अली खान नावाचा फोटोग्राफर होता. 1857 च्या आधी त्याने तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे, त्यांच्या बायकामुलांचे फोटो काढले, आणि पुढे तो उठावात सामील झाला. म्हणजे शहरात कॅमेरा होता, काच होती, हात होता. तरी लखनौच्या लढाईचे म्हणून आपण बघतो ते फोटो जिंकणाऱ्यांबरोबर आलेल्या माणसाचे आहेत.

दोन फोटो मिळाले तर सोनं

एकाच जागेचे दोन फोटो मिळाले की एकावर एक ठेवून बघा. फेंटनचा सगळ्यात गाजलेला फोटो क्रिमियातल्या एका ओसाड घळीचा आहे, 23 एप्रिल 1855 चा. फोटोचं नाव ‘मृत्यूच्या छायेची दरी’. लाइट ब्रिगेड या इंग्रज घोडदळाचा प्रसिद्ध हल्ला झाला ती दरी वेगळी, ही गफलत फार होते. या घळीचे त्याने तिकाटणं न हलवता दोन फोटो घेतले. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात रस्त्यावरही गोळे पसरलेले आहेत.

इथे वेढा चालूच होता, त्यामुळे मधले दिवस शून्य. पण दोन फोटोंच्या मधली मिनिटं आहेत ना! आधीचा कोणता यावर खूप वाद झाला. 2007 मध्ये एरॉल मॉरिस या अमेरिकन चित्रपटकाराने त्याचा पिच्छा पुरवला, आणि उत्तर दिलं ते गोळ्यांनी नाही, उतारावरच्या बारक्या खड्यांनी. रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत काही खडे जरा खाली घसरलेले दिसतात. खडे उताराने खालीच जातात, वर चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधी, गोळ्यांचा नंतर. मधल्या वेळात त्या उतारावर कुणीतरी चाललं होतं.

म्हणून सांगते, बघायचं ते मुख्य वस्तूकडे नाही, ज्याच्याकडे फोटोग्राफरचंही लक्ष नव्हतं त्याच्याकडे. खडे, सावल्या, कोपऱ्यातली दोरी. सावलीची लांबी बदलली तर वेळ गेला. बाबा रिटचिंग करताना मला हेच शिकवायचे: चेहरा सगळेच बघतात, तू कड बघ.

यासाठी फाइल मात्र मोठी लागते. फोनवर फिरणारी प्रत काही कामाची नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे फेंटनचे 263 प्रिंट आहेत आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काचांचाही मोठा साठा आहे. खडे मोजता येतील एवढ्या मोठ्या फाइली तिथे फुकट उतरवून घेता येतात. बिआटोचे बरेच फोटो गेटी संग्रहालयाने खुले केले आहेत.

त्या यादवी युद्धातलं एक उदाहरण थोडक्यात. गेटिसबर्गची लढाई 1 ते 3 जुलै 1863 ची. अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे साथीदार तिथे पोचले 5 जुलैला. दगडांच्या आडोशात पडलेला एक तरुण सैनिक, शेजारी भिंतीला टेकवलेली बंदूक, असा त्यांचा फोटो आहे, आणि हा नेमबाज इथेच लढता लढता मेला अशी कथा त्याला जोडली गेली. 1975 मध्ये विल्यम फ्रॅसॅनिटोने दाखवून दिलं, की हेच प्रेत त्याच फोटोग्राफरांच्या दुसऱ्या फोटोंत वेगळ्या ठिकाणी, उघड्या उतारावर पडलेलं आहे. ते उचलून दगडांमागे आणलं होतं. बंदूकही नेमबाजाची नव्हती. गार्डनरने असंही लिहिलं, की नोव्हेंबरमध्ये आपण परत गेलो तेव्हा बंदूक तिथेच होती. चार महिने, आणि रणभूमीवर आठवणीच्या वस्तू वेचणाऱ्यांची रीघ! कागदावर दिवस मोजणाऱ्याला हे वाक्य तिथेच खटकतं.

मधले दिवस तासांवर येतात तेव्हा काय होतं, हे बघायचं तर बिआटोचेच चीनमधले फोटो घ्या. 21 ऑगस्ट 1860 ला इंग्रज-फ्रेंच फौजांनी ताकूचा उत्तरेकडचा किल्ला घेतला. या वेळी तो फौजेबरोबरच होता. विकायच्या अल्बममध्ये फोटोंचा क्रम असा लावला आहे, की आपण बाहेरून किल्ल्यावर चाल करतो, मग आत शिरतो आणि मग प्रेतं दिसतात. पण डेव्हिड हॅरिस या अभ्यासकाने दाखवलं आहे, की काढताना क्रम उलटा होता. आतली प्रेतं उचलली जाण्याआधी तिथले फोटो आधी काढले, बाहेरचे निवांतपणे मागून. आणि ती सगळी प्रेतं चिनी सैनिकांची आहेत. फौजेने आपली माणसं आधी उचलली. हा नियम तुम्ही बहुतेक फोटोंना लावू शकता: जमिनीवर जे उरलेत, ते हरलेल्या बाजूचे.

राणीचा फोटो

एक बाई दर वर्षी शाळेच्या गॅदरिंगच्या आधी झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ मोठा करून मागायला येतात. 1850 मध्ये काढलेला, अशी ओळ त्याच्याबरोबर फिरते. मी त्यांना कागदच पुढे करते. मूळ काच, पत्रा किंवा कागद कुठे आहे? तो कुणाकडून कुणाकडे आला? 1850 म्हणाल तर ओली काच अजून निघायची होती, मग हा डॅगरोटाइप आहे की कागदी निगेटिव्ह? यातल्या एकाचंही उत्तर त्या फोटोबरोबर येत नाही, म्हणून मी तो राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने छापून देत नाही. त्यांना वाईट वाटतं, मलाही वाटतं. तो चेहरा बघायची ओढ मला त्यांच्याइतकीच आहे.

झाशी बघायची तर कॅमेरा बाजूला ठेवून वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ उघडा. पेणजवळच्या गावचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेला गेला आणि 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा शहरात अडकला. जिंकणाऱ्यांच्या गाडीतून न येता, आत राहून बघितलेलं असं फार थोडं आपल्याकडे आहे. दिवस मात्र त्याचेही मोजा: हकिकत लिहिली पंचवीसेक वर्षांनी, छापली गेली 1907 मध्ये. बिआटोला जसं त्याचं गिऱ्हाईक विचारलं, तसं गोडशांनाही विचारा, की इतक्या वर्षांनी काय लख्ख राहिलं असेल आणि काय सरमिसळ झाली असेल.

गेल्या पावसाळ्यात तासगावकडचा एक मुलगा पणज्याचा फोटो घेऊन आला. लढाईतला फोटो म्हणाला. पणजा मराठा पलटणीत होता, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेला, कुतच्या वेढ्यात अडकला. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं, आणि कैदेतून तो परत आला नाही. फोटोत तो गणवेशात ताठ उभा, मागे रंगवलेला पडदा: बाग, कठडा, कुंडी. आम्ही कागदावर तारखा मांडल्या. घरातलं एक पत्र, पाठीमागचा अर्धवट शिक्का. फोटो जाण्याआधीचा निघाला; दिवस उलटे मोजावे लागले. मुलगा गप्प बसून राहिला, मग म्हणाला, “ताई, मागचा पडदा काढून वाळवंट टाकून द्याल का? लढाईत आहे असं वाटेल.”

मी पडदा तसाच ठेवला. नुसती धूळ काढली, फाटलेला कोपरा जोडला, कठड्यावरची कुंडी परत उजळ केली, आणि प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने दोन्ही तारखा लिहून दिल्या.